डोंगरी सायकल आणि शाळेची वाट

आमच्या शाळेच्या आवारांत हल्लीं जाड टायरांच्या, गिअरांच्या सायकली पुष्कळ दिसतात. या सायकलीचा जन्म अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं झाला. तेथील टामलपाइस डोंगराच्या परिसरांत कांहीं तरुण जुन्या सायकलींवरून उतरणी उतरत असत. १९७६ सालीं त्यांनीं शर्यती सुरू केल्या, आणि १९७७ सालीं जो ब्रीझ यानें या कामासाठीं मुद्दाम नवी फ्रेम घडविली. अर्थात् दगडधोंड्यांसाठीं निघालेलें हें वाहन डांबरी सडकेवर नेतांना कांहीं विचार केला पाहिजे.

पहिला विचार टायरांचा. चिखलांत रुतून पकड घेणाऱ्या त्यांच्या गुंड्या डांबरावर नुसत्या वाकतात व पायांची शक्ति फुकट जाते. शिवाय ओल्या वळणावर त्यांची पकड अपुरी पडते. मागील पावसाळ्यांत आम्ही स्वतः असेच घसरलों. गुडघा फुटला, तपासलेल्या वह्या भिजल्या. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलें. मागून मोटार येत असती तर? दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही सुमारें दीड इंच रुंदीचे गुळगुळीत टायर बसविले. ते आपल्या रिमला बसतात कीं नाहीं, हें दुकानदारास विचारून घ्यावें. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेंतच भरावी.

दुसरा विचार पुढच्या स्प्रिंगांचा. उभें राहून पेडल मारल्यास पुढचा भाग खालीं-वर होतो व श्रम वाढतात. स्प्रिंग बंद करण्याची कळ असल्यास सपाट रस्त्यावर ती लावावी.

तिसरा विचार गिअरांचा. येथें वर्गांतील गुणोत्तर कामास येतें. पुढील चक्राचे दांते ४२ व मागील चक्राचे १४ असल्यास पेडलच्या एका फेऱ्यांत चाक तीन वेळां फिरतें. चाकाचा परीघ सुमारें दोन मीटर धरला, तर सायकल सहा मीटर पुढें जाते. पुढें २२ व मागेंही २२ दांते असतील, तर दोनच मीटर. पण चढ सोपा होतो. आपल्या सायकलीचे दांते मोजून हें गणित अवश्य करून पाहा.

आतां पालकांस दोन शब्द. या सायकलींस पुष्कळदां मडगार्ड, दिवा व घंटी नसते. हें सामान चैनीचें नव्हे. मुलगा संध्याकाळीं सुखरूप घरीं यावा, यासाठीं तें हवें. मुलासाठीं नवी सायकल घ्यावयाची कीं काय, असा प्रश्न कित्येक पालक आम्हांस विचारतात. आमचें उत्तर असें कीं, आहे तीच ठेवावी. टायर बदलावे, दिवा लावावा आणि ब्रेक दर आठवड्यास तपासावे. आणि मुलांनो, हें तपासण्याचें काम वडिलांवर न टाकतां तुम्हीं स्वतः शिकून घ्या.