एका आठवड्याची कसोटी

मानवाने आजवर नाना प्रकारची यंत्रे निर्माण केली. काहींनी त्याचे श्रम वाचविले, काहींनी त्याचा प्रवास सुलभ केला. परंतु माणसाला स्वतः विचार करावयास लावतील अशी यंत्रे विरळाच. इ. स. १९८१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज या विद्यानगरीत असे एक यंत्र जन्मास आले. 'बीबीसी मायक्रो' हे त्याचे नाव. या घरगुती संगणकाची जन्मकथा मोठी मनोवेधक आहे.

त्यापूर्वीचे बहुतेक संगणक म्हणजे अवाढव्य गणकयंत्रे असत. ती विद्यापीठांच्या व सरकारी कचेऱ्यांच्या बंद दालनांत असत. सामान्य माणसाला त्यांचे दर्शनही दुर्लभ होते. पुढे १९७० नंतरच्या दशकात नखाएवढ्या चिपवर संगणकाचा मेंदू मावू लागला. या चिपमुळे कारखान्यांचे व कचेऱ्यांचे रूप कसे पालटेल, हे दाखविणारा एक माहितीपट १९७८ मध्ये बीबीसी या ब्रिटिश संस्थेने दूरचित्रवाणीवर दाखविला. तो पाहून लोक चिंतेत पडले. यंत्रे माणसांच्या हातचे काम हिरावून घेतील काय? आपल्या मुलांनी उद्या करावे तरी काय? असे प्रश्न जो तो विचारू लागला.

अज्ञानातून उपजलेल्या भीतीवर ज्ञान हाच उपाय होय. बीबीसीने ठरविले, की दूरचित्रवाणीवरून लोकांना संगणकाचे पाठ द्यावयाचे. पण पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही. म्हणून त्या पाठांबरोबर लोकांना घरी वापरता येईल असा एक संगणकही हवा होता. तो कोणी घडवावा, याचा शोध सुरू झाला.

केंब्रिजमध्ये 'एकॉर्न' नावाची एक छोटी कंपनी होती. बीबीसीचे अधिकारी शुक्रवारी तेथे येणार होते आणि त्यांना चालू स्थितीतील यंत्र दाखवावयाचे होते. एकॉर्नजवळ मात्र यंत्र नव्हते. होते ते केवळ कागदावरचे अपुरे आराखडे! कंपनीचे एक संस्थापक हर्मन हाउझर यांनी सोफी विल्सन यांना विचारले, "हे यंत्र आठवड्यात तयार होईल काय?" विल्सन यांनी ते अशक्य असल्याचे सांगितले. हाउझर म्हणाले, "पण स्टीव्ह फर्बर तर होईल म्हणतात." मग त्यांनी फर्बर यांना गाठले आणि विल्सन यांच्या नावाने तेच सांगितले. एकमेकांवरील विश्वासापोटी दोघेही कामाला लागले.

दिवस उगवत होते, मावळत होते; काम थांबत नव्हते. शेकडो बारीक तारा एकेक करून जोडण्यात आल्या. गुरुवारची रात्र सरत आली, तरी यंत्र काही केल्या चालेना. अखेर हाउझर यांनी सुचविले, की चाचणीसाठी या यंत्राला दुसऱ्या संगणकाशी जोडणारी एक तार तोडून पाहावी. तार तोडली, आणि काय आश्चर्य! यंत्र चालू लागले. थोड्याच तासांत पाहुणे आले. विल्सन यांनी तेवढ्या अवधीत यंत्राकडून पडद्यावर आकृत्या काढून घेण्याची तयारी केली होती. बीबीसीने एकॉर्नचीच निवड केली.

डिसेंबर १९८१ मध्ये हा संगणक बाजारात आला आणि जानेवारी १९८२ मध्ये दूरचित्रवाणीवरील पाठ सुरू झाले. प्रारंभी सुमारे १२ हजार यंत्रे खपतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात १५ लाखांच्या आसपास खपली! यंत्र स्वस्त नव्हते. त्याच्या मोठ्या नमुन्याची किंमत लवकरच ३९९ पौंडांवर गेली. सर्वच कुटुंबांना ती परवडणारी नव्हती. परंतु ब्रिटिश सरकारने शाळांना खर्चाचा अर्धा भार उचलून साहाय्य केले आणि ज्या मुलांच्या घरी संगणक नव्हता, त्यांनाही तो शाळेत हाताळावयास मिळाला. भारतातही १९८४-८५ या वर्षी सुमारे अडीचशे शाळांमध्ये संगणकशिक्षणाची 'क्लास' ही योजना सुरू झाली, तेव्हा हेच संगणक वापरण्यात आले.

या संगणकाच्या मोठ्या नमुन्याची स्मरणशक्ती अवघी ३२ किलोबाइट, म्हणजे सुमारे ३३ हजार रोमन अक्षरे मावतील एवढीच होती. मग त्याचे मोठेपण कशात होते? बटण दाबताच पडद्यावर एकदोन ओळी उमटत आणि एक छोटी रेघ लुकलुकत राही. जणू ते यंत्र विचारीत असे, "बोला, काय करू?" 'बेसिक' या सोप्या संगणकभाषेत तीन ओळी लिहिल्या, की तेराचा पाढा पडद्यावर झरझर उमटे. आज्ञा चुकली तर 'मिस्टेक' एवढाच शब्द दिसे. यंत्र रागावत नसे, कंटाळतही नसे. मूल आपली चूक शोधी, ती सुधारी आणि पुन्हा प्रयत्न करी. त्यामुळे यंत्राची भीती जाऊन त्याच्याशी मैत्री जडे.

पुढे विल्सन व फर्बर यांनी एका नव्या चिपची रचना करण्याचे मनात घेतले. तिची पहिली परीक्षा विल्सन यांनी बीबीसी मायक्रोवरच, त्याच बेसिक भाषेत आज्ञा लिहून घेतली. २६ एप्रिल १९८५ रोजी ती चिप प्रत्यक्ष चालली. तिचे नाव 'आर्म'. आज जगातील बहुतेक मोबाइल फोनमध्ये आर्मच्या वंशातील चिप काम करीत असते.

इतरांना शिकविण्यासाठी जे यंत्र घडविले, तेच घडविणाऱ्यांनाही नवी वाट दाखविते झाले. मुलांनो, आजची यंत्रे बोट टेकवताच कामाला लागतात. त्यांचा वापर अवश्य करावा. परंतु हे कसे चालते, हा प्रश्न मनातून कधी मावळू देऊ नये. यंत्राला जो प्रश्न विचारतो, तोच यंत्राचा स्वामी होतो.

स्वाध्याय
१. १९७८ मधील माहितीपट पाहून लोक का चिंतेत पडले?
२. हाउझर यांनी विल्सन व फर्बर यांना कामास कसे प्रवृत्त केले? त्यांची ही युक्ती योग्य होती काय? तुमचे मत सकारण लिहा.
३. 'पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही' हे वाक्य पाठात कोणत्या संदर्भात आले आहे?
४. तुमच्या घरातील एखादे यंत्र कसे चालते, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.