व्हायोलाची चौथी तार

व्हायोलिन आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. परंतु त्याचा थोरला भाऊ जो व्हायोला, त्याला पाहूनही पुष्कळजण ओळखीत नाहीत. शिवाजी नगरातील माझ्या घरी येणारे विद्यार्थी विचारतात, "बाई, हे एवढे मोठे व्हायोलिन कोणाचे?" हा गैरसमज क्षम्य आहे. काही वर्षे तो माझाही होता, आणि त्यापायी एक चांगले वाद्य मी जवळजवळ टाकूनच दिले होते.

हा व्हायोला माझ्या आजोळचा, मडगावजवळच्या एका वृद्ध वादकाचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. त्या शिक्षणावर तयार झालेले कित्येक गोमंतकीय पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) त्यांतलेच; संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते त्यांच्यापाशी. व्हायोलावाले मात्र अशा वृंदात मध्येच कोठेतरी बसतात आणि श्रोत्याच्या ध्यानातही येत नाहीत. असो.

भोपाळला आणल्यावर वाद्याच्या जुन्या तारा एकेक करून तुटल्या. एका दुकानदाराने व्हायोलिनचा संच पुढे केला व "चालतो" म्हणून सांगितले. मी तो चढविला. तीन तारा कशाबशा लागल्या; चौथी मात्र उतरवून सी स्वरावर आणली तो लोंबू लागली. गज फिरवावा तर घोगरा, थरथरता आवाज! वाद्यच म्हातारे झाले असे ठरवून मी ते पेटीत ठेवून दिले.

दोष वाद्याचा नव्हता, माझ्या हिशेबाचा होता. व्हायोलिनच्या तारा जी, डी, ए, ई. व्हायोलाच्या सी, जी, डी, ए. जी तारेची दर सेकंदाला 196 आंदोलने होतात, तर सी तारेची सुमारे 131, म्हणजे दोन-तृतीयांश. फ्रान्समधील मर्सेन या विद्वानाने 1636 साली छापलेल्या ग्रंथात तारांचे नियम मांडले आहेत. त्यांनुसार तार व तिची लांबी तीच असेल, तर ताण आंदोलनांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दोन-तृतीयांशाचा वर्ग चार-नवमांश. म्हणजे जी तार सी स्वरावर उतरविली की तिच्यातला निम्म्याहून अधिक ताण निघून जातो. व्हायोलावर तार थोडी लांब असते, त्यामुळे काही ताण परत मिळतो. पण तो पुरत नाही.

मग वाद्यच लांब का करू नये? व्हायोलिनचे खोके 14 इंचांचे. पाच स्वर खाली जायचे तर ते दीडपट, 21 इंचांचे हवे. आणि तेवढे वाद्य खांद्यावर धरून बोटे पोचणार कशी? म्हणून साधारण 15 ते 17 इंचांवर तडजोड झाली. राहिलेली उणीव तारेच्या वजनाने भरून काढावी लागते. आपला तानपुराही हेच करतो. चारही तारा जवळजवळ एकाच लांबीच्या. परंतु जोडीच्या तारा पोलादी आणि खर्जाची पितळी व जाड. जोडीची तार खर्जाच्या जागी लावून ती सैल सोडणाऱ्याला मिरजेचा कारागीर काय म्हणेल? मी नेमके तेच केले होते!

तार नुसती जाड करूनही भागत नाही. ती सळईसारखी ताठ होते. यास्तव आतला गाभा लवचिक ठेवून त्यावर जड धातूचे बारीक वेढे देतात. चांदीची घनता 10.5, टंगस्टनची 19.3, म्हणून टंगस्टनच्या वेढ्यांची सी तार बारीक राहूनही जड होते व गज टेकताच बोलते. गाभा मेंढीच्या आतड्याच्या तातीचा असेल तर आवाज फार गोड. पण हवा बदलली की स्वर ढळतो. वैशाखातील आपला कोरडेपणा आणि आषाढातील ओल पाहता भोपाळात मी तात घेणार नाही. पोलाद स्थिर, परंतु माझ्या कानाला जरा कर्कश. नायलॉनच्या जातीच्या धाग्याचा गाभा मला मधला मार्ग वाटतो. पुष्कळ वादक ए तार तेवढी पोलादी घेतात, तेही बरे.

रागसंगीत वाजविणाऱ्याने आधी आपला षड्ज ठरवावा. (गायक बालमुरलीकृष्ण व्हायोलाही वाजवीत, हे येथे सांगण्याजोगे.) षड्ज-पंचमात लावताना तार छापील स्वराहून फार खाली न्यावयाची असेल, तर अधिक जड तार मागावी, नाहीतर पुन्हा तीच लोंबकळ.

दुकानात जाण्यापूर्वी खोक्याची लांबी मोजून न्यावी, कारण 15 इंची वाद्याचा संच 16½ इंचीला आखूड पडतो. तारा बदलताना एक काढून दुसरी चढवावी, मगच तिसरीला हात लावावा. सगळ्या एकदम काढल्यास घोडी पडते आणि आत केवळ दाबाने उभी असलेली काठीही ढळू शकते. ती पुन्हा बसविणे घरच्या माणसाचे काम नव्हे.

माझ्या व्हायोलावर आता सी तार टंगस्टनच्या वेढ्यांची आहे. ती प्रथम लावली त्या संध्याकाळी शेजारच्या आजींनी दारातूनच विचारले, "तानपुरा आणलास का गं?"