अंगणातील विद्या

'अडाणी' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. ज्याला लिहितावाचता येत नाही तो अडाणी, असा आपला सरळ हिशेब असतो. परंतु हा हिशेब खरोखरच बरोबर आहे काय?

डहाणूच्या डोंगरात गुरे राखणारा आठनऊ वर्षांचा एखादा वारली मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याला कदाचित एकही अक्षर ओळखता येणार नाही. पण गुरे कोणते गवत आवडीने खातात व कोणत्याला तोंडही लावीत नाहीत, ओढ्यातील कोणत्या दगडाखाली खेकडा दडलेला असतो, पहिला पाऊस पडून गेल्यावर कोणती रानभाजी आधी उगवते, हे सारे तो न अडखळता सांगेल. त्याची आई रानातून कडू कंद खणून आणते. हा कंद तसाच खाल्ला तर बाधतो. म्हणून ती त्याचे पातळ काप करते, ते उकळते, वाहत्या पाण्यात ठेवून त्यांतील कडवटपणा आणि विषार धुऊन काढते. मगच ते मुलांच्या पानात पडतात. ही रीत तिने कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. ती तिला तिच्या आईने शिकविली आणि आईला आजीने. एखाद्या पंडिताला त्या रानात एकटे सोडून दिले, तर तेथे अडाणी कोण ठरेल, हे सांगावयास नको.

ज्या भूमीत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, ती भूमीच त्यांची शिक्षिका होते. तिच्यापासून ती जे शिकतात, अनुभवाने पारखून घेतात आणि तोंडातोंडी पुढच्या पिढीच्या हवाली करतात, त्याला लोकविद्या म्हणावे. ही विद्या औषधाच्या मुळीत असते, बी राखण्याच्या रीतीत असते आणि दहा माणसे एकत्र बसून जो निर्णय घेतात त्यातही असते. तिच्यापाशी ग्रंथ नाहीत; म्हणून शिकलेल्या जगाने तिची फार दिवस उपेक्षा केली. पण आपल्या महाराष्ट्रात अशीही काही माणसे होऊन गेली आणि आजही आहेत, की जी शिकवावयास म्हणून गेली आणि आधी स्वतःच शिकावयास बसली. त्यांच्या कार्याची थोडी ओळख आज आपण करून घेऊ.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. ताराबाई शिक्षणशास्त्रात निष्णात होत्या. इटलीतील मारिया माँटेसरी यांची बालशिक्षणपद्धती त्यांनी बारकाईने अभ्यासिली होती, आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर तिचे प्रयोगही केले होते. बोर्डीला त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पण खचून न जाता शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी आपले उरलेले सारे आयुष्य या कामाला वाहिले. पुढे हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासींच्या वस्तीत गेले.

तो काळ वारली समाजाला फार कठीण होता. वेठबिगारीने माणसे पिचून गेली होती. १९४५ सालीच त्यांनी तिच्याविरुद्ध मोठा लढा उभारला. अशा लोकांच्या मुलांसाठी शाळा उघडली, तरी ती येणार कशी? कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेले, कोणी गुरांमागे गेलेले. दुसरा एखादा म्हणाला असता, की या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. ताराबाई आणि अनुताई यांनी मात्र दोष मुलांवर न ठेवता शाळेवर ठेविला. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळेने मुलांकडे जावे! त्यांनी वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरविली. तीच अंगणवाडी होय. गुरांमागे गेलेल्या मुलांसाठी शिक्षक माळावर गेले. ती झाली कुरणशाळा.

अडचण दुसरीही होती. माँटेसरी पद्धतीची साधने सुबक खरी, पण महाग. खेड्याला ती परवडण्यासारखी नव्हती. तेव्हा त्यांनी भोवताली पाहिले, तो निसर्गाने भांडार उघडूनच ठेविले होते. समुद्रकाठी शंखशिंपले होते, रानात नाना आकारांच्या बिया आणि पाने होती, ओढ्यात गुळगुळीत खडे होते. शिंपले मांडून मुले गणती शिकू लागली, पाने जुळवून आकार ओळखू लागली. जे मुलाच्या ओळखीचे होते, त्याच्या आधाराने त्यांनी त्याला अनोळखी गोष्टींकडे नेले. अंगणात चाललेला हा प्रयोग पुढे किती वाढला पाहा! २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि तिच्यातील केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज हा शब्द देशभर रूढ झाला आहे.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्या मुलाला शाळेत पहिल्याच दिवशी कळते, की आपल्या घरी जे ठाऊक आहे त्याला येथे काहीच किंमत नाही, ते मूल अक्षरे शिकण्यापूर्वीच लाज शिकते. त्याला आपल्या बोलीची लाज वाटते, आपल्या अन्नाची लाज वाटते, आणि शेवटी आपल्या आईचीही लाज वाटू लागते. मग ते घरचेही राहत नाही आणि शाळेचेही होत नाही. कोसबाडच्या टेकडीवर ही लाज पुसण्याचे काम झाले. तेथील शिक्षणाचे खरे मोल यातच आहे.

शिक्षणाची जी गोष्ट, तीच आरोग्याची. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली आरोग्यसेवेला आरंभ केला. रुग्णालय आपल्यासाठी आहे हे ठाऊक असूनही आदिवासी तेथे यावयास भितात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी लोकांनाच कारण विचारले. तेव्हा कळले, की तेथील लोक मृताला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतात. मग पांढरे कपडे घातलेली माणसे आपला जीव कशी वाचविणार, अशी शंका त्यांना येई. शिवाय मोठ्या इमारतीत माणूस गोंधळून जातो, आणि आजाऱ्याजवळ नातेवाइकांना राहू देत नाहीत, हेही दुःख होतेच. डॉक्टरांनी हे ऐकून घेतले. नव्या रुग्णालयासाठी त्यांनी झोपड्यांसारखी घरे बांधली, नातेवाइकांना राहण्याची सोय केली, आणि लोकांच्या श्रद्धेची देवता जी दंतेश्वरी, तिचे नाव रुग्णालयास दिले. परके वाटणारे रुग्णालय लोकांना आपले वाटू लागले. राणीताईंनी गावोगावच्या स्त्रियांपासून झाडांची ओळख करून घेतली, आणि स्त्रिया व झाडे यांच्या नात्यावर 'गोईण' हे पुस्तक लिहिले. गोईण म्हणजे मैत्रीण.

लहान मुलांचा न्यूमोनिया हा त्या भागातील घातक रोग. मूल एका मिनिटात किती वेळा श्वास घेते, हे मोजले म्हणजे तो ओळखता येतो. परंतु गावातील सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी एक साधे यंत्र तयार करण्यात आले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ होते आणि ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. मिनिट संपण्यापूर्वी मणी ठराविक खुणेपर्यंत गेले, तर बाळाला औषधाची गरज आहे असे समजावयाचे. सुईणीचे अनुभवी डोळे व हात आणि डॉक्टरांचे शास्त्र यांची सांगड त्या मण्यांनी घातली.

पुढे गावातील स्त्रियांनाच शिकवून 'आरोग्यदूत' करण्यात आले. नवजात बाळाला ऊब कशी द्यावी, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, औषध कसे द्यावे, हे त्या शिकल्या. ३९ गावांत हा प्रयोग झाला. नवजात बालकांचे मृत्यू त्यामुळे सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, असे १९९९ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे यश आरोग्यदूतांचे जितके, तितकेच त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या मातांचे आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. जुने ते सारेच सोने नसते. गरोदर स्त्रीने कमी जेवावे, बाळाला जन्मताच अंघोळ घालावी, अशाही समजुती आपल्या समाजात चालत आल्या आहेत, आणि त्या घातक आहेत. आपल्या घरी आजीबाईचा बटवा असतो. त्यातील सुंठ, ओवा आणि वेखंड यांचा गुण आजीला ठाऊक असतो; पण सर्पदंश झाला तर बटवा बाजूस ठेवून तडक रुग्णालयच गाठले पाहिजे. सोने असो वा पितळ, कसोटीच्या दगडावर घासल्यावाचून ते कळत नाही. जुन्या ज्ञानाला हा नियम लागू आहे आणि नव्यालाही आहे. परीक्षा न करता स्वीकारणे ही जशी अंधश्रद्धा, तसेच परीक्षा न करता धुडकावून लावणे हाही अहंकारच होय.

आता याच जिल्ह्यातील एका छोट्या गावात जाऊ. धानोरा तालुक्यातील मेंढा हे गोंड लोकांचे गाव. जवळच्या लेखा गावामुळे ते मेंढा-लेखा या नावाने ओळखले जाते. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. तेथे गावाचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचेही मन वळले नसेल, तर थांबावयाचे, पुन्हा बोलावयाचे. निर्णयापूर्वी विषय नीट कळावा म्हणून गावात अभ्यासगट बसतो. बाहेरच्या जाणकारांना बोलावितात, प्रश्न विचारतात, मग ग्रामसभा ठरविते. मधमाश्यांना इजा न करता मध कसा काढावा, याचाही अभ्यास या गावाने केला. सर्वांनी मिळून बसण्याची रीत जुनी. तिला अभ्यासाची जोड नवी.

या गावाने जंगलावरील आपला हक्क सोडला नाही. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मेंढा गावास मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना हाती पडण्यास २०११ साल उजाडले. हा हक्क म्हणजे मोठी जबाबदारीही होती. कारण जंगल आपले म्हटले, की ते राखावयाचेही आपणच. कोणते झाड तोडू नये, किती बांबू काढावा, हे ग्रामसभा ठरविते आणि ती मर्यादा सर्वजण पाळतात. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिलेल्या माणसांना जंगल सांभाळता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना या गावाने आपल्या कृतीने उत्तर दिले.

कोसबाडची टेकडी, गडचिरोलीचे रुग्णालय आणि मेंढ्याची ग्रामसभा या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. ताराबाईंनी माँटेसरीला टाकले नाही, डॉक्टरांनी औषधे टाकली नाहीत, मेंढ्याच्या लोकांनी कायदा टाकला नाही. नव्याचा त्याग कोणी केला नाही. पण नव्याला जुन्याच्या अंगणात नम्रपणे बसावयास लाविले. ज्ञानाची अशी देवघेव होते, तेव्हा घेणाऱ्याला कमीपणा वाटत नाही आणि देणाऱ्याला गर्व होत नाही.

ही देवघेव लांबणीवर टाकून चालणार नाही. ग्रंथात लिहिलेली विद्या कपाटात वाट पाहत राहते. तोंडी चाललेल्या विद्येला तेवढी सवड नसते. ऐकणारा कोणी भेटला नाही, तर ती सांगणाऱ्याबरोबरच निघून जाते. रानभाजीचे नाव विसरले की भाजी पायाखाली उगवूनही ओळखू येत नाही.

म्हणून सुटीत आजोळी जाल, तेव्हा आजीजवळ घटकाभर बसा. शेतातील गडीमाणसांना, वस्तीवरील आजोबांना, सुईणबाईंना आदराने विचारा. ते जे सांगतील ते एका वहीत लिहून ठेवा. माहीतगार मनुष्य जवळ असल्यावाचून रानातले काही तोंडात मात्र घालू नका. पुढे शाळेत विज्ञान शिकताना ती वही पुन्हा उघडा आणि तिच्यातील एकेक गोष्ट पारखून पाहा. काही गोष्टी खोट्या ठरतील, काही खऱ्या ठरतील. आणि ज्या खऱ्या ठरतील, त्या सांगणाऱ्या माणसाला 'अडाणी' म्हणावयास तुमची जीभ पुन्हा कधी धजणार नाही.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) कडू कंद खाण्याजोगा करण्याची रीत कोणती?
(आ) अंगणवाडी व कुरणशाळा यांची गरज का भासली?
(इ) गडचिरोलीच्या लोकांना रुग्णालयाची भीती का वाटत होती?
(ई) मेंढा गावात निर्णय कसा घेतला जातो?

२. 'ते मूल अक्षरे शिकण्यापूर्वीच लाज शिकते' या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

३. जुन्या समजुती पारखून का घ्याव्यात, हे पाठातील उदाहरणे देऊन लिहा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निष्णात, उपेक्षा, सर्वसहमती, कसोटी, देवघेव.

५. तुमच्या घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीस भेटून शेती, अन्न किंवा ऋतुमान यांविषयी एक माहिती मिळवा व ती दहा ओळींत लिहा.