माशालाही उवा होतात!



'परजीवी' म्हटलं की मुले पटकन जंत, गोचीड, ऊ अशी नावे सांगतात. आमच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, आमच्या शेततळ्यातल्या रोहूलाही उवा झाल्यात. बाबा पिकावरचं औषध टाकायचं म्हणतात. टाकू का?" त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून हाच पाठ घेतला.

ही ऊ कोण?
हिचे नाव अर्ग्युलस. ही कीटक नव्हे, तर कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातली! शरीर चपटे, बशीसारखे, काही मिलिमीटरचे. भिंगातून दोन काळे डोळे नि दोन गोल चूषके दिसतात. चूषकांनी ती माशाला चिकटते आणि सुईसारख्या अवयवाने टोचून रक्त व शरीरद्रव शोषते.

ओळखायचे कसे?
मासे दगडावर अंग घासतात, उड्या मारतात, खाणे कमी करतात. अंगावर लाल ठिपके पडतात. या जखमांत पुढे जीवाणू आणि बुरशी शिरतात, आणि मासे दगावतात.

खरी गोम इथे आहे
मादी अंडी माशावर घालत नाही. ती माशाला सोडून दगड, काठी, पाणवनस्पती यांवर ओळीने चिकटवते. उबदार पाण्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात व मासा शोधतात. म्हणजे माशावरच्या उवा मेल्या तरी अंडी शिल्लकच राहतात!

मग उपाय?
- तळ्यात बांबू रोवा. दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा, अंडी मरतात.
- नवे मत्स्यबीज तपासूनच सोडा. मासे दाटीने ठेवू नका.
- मासे काढल्यावर तळे पूर्ण वाळवा.
- औषध मत्स्य अधिकाऱ्यांना विचारूनच. पिकावरचे औषध अंदाजाने टाकले तर कटला खातो ते सूक्ष्म प्राणीही मरतात, मासेही मरू शकतात. शिवाय तोच मासा उद्या कुणाच्या तरी ताटात जाणार.

मुलीने घरी जाऊन हे जीवनचक्र वहीत काढून बाबांना दाखवले. बाबांनी औषधाचा डबा ठेवून दिला, बांबू रोवले आणि अधिकाऱ्यांना बोलावले.

मुलांना विचारा: बांबू महिन्याने काढला तर काय होईल? उत्तर लगेच सांगू नका. जीवनचक्र काढू द्या, त्यांचे त्यांना सापडेल.