शिपायाचा लाल, साहेबाचा लाल

चि. मुक्ता,

तू रंगवलेल्या २८ मिलिमीटरच्या सैनिक-प्रतिकृतींचे फोटो मिळाले. वॉटर्लूच्या लढाईसाठी तू २७वी इनिस्किलिंग पलटण निवडलीस याचा मला फार आनंद झाला. ला हे सेंतच्या शेतवाड्याजवळ चौकोनी व्यूहात उभी राहून निम्म्याहून अधिक माणसं गमावलेली ही पलटण. तिच्यासाठी जेवढे कष्ट घेशील तेवढे थोडेच. तुझा हात स्थिर आहे, ब्रशबद्दल मला काही सांगायचं नाही. पण सगळ्यांच्या अंगात एकच झळझळीत लाल कोट कसा, असं विचारल्यावर ‘डबीवर तसंच लिहिलं होतं’ असं तू कळवलंस. डबीवरचं नाव हा पुरावा नव्हे. रंग विकणाऱ्यानेही तो कुठून तरी घेतलेला असतो. तू त्याच्या मागे जायला हवंस.

त्या काळच्या ब्रिटिश सैन्यात लाल एक नव्हताच. साध्या शिपायाचा कोट मॅडरच्या मुळांनी रंगवलेला असे. आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली ही वनस्पती. तिचा लाल विटकरीकडे झुकणारा, आणि ऊन-पावसात आणखी मंदावणारा. अधिकारी स्वतःच्या पैशाने कोट शिवून घेत, उंची कापडाचा आणि कोचिनीलने रंगवलेला. कोचिनील म्हणजे मेक्सिकोतल्या निवडुंगावरचा किडा. त्याच्यापासून मिळतो तो खरा तेजस्वी शेंदरी-लाल. सार्जंटलाही शिपायापेक्षा बरं कापड मिळे. म्हणजे एकाच रांगेत हुद्द्याप्रमाणे लाल बदलत होता.

मग सगळीकडे तो झळझळीत लालच का दिसतो? कारण संग्रहालयांत जे कोट उरले आहेत ते बहुतांशी अधिकाऱ्यांचे आहेत. घराण्यांनी ते पेटीत जपले. शिपायाचा कोट अंगावरच फाटला, त्याची ठिगळं झाली, चिंध्या झाल्या. तैलचित्रंही अधिकाऱ्यांनीच काढून घेतली. म्हणून उरलेली वस्तू पाहताना ती का उरली, हे आधी विचार. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमसारख्या संग्रहातला कोट पाहशील तेव्हा छातीवरच्या रंगावर थांबू नकोस. दोनशे वर्षांचा उजेड तिथेच पडलेला असतो. शिवणीच्या आत दुमडलेलं कापड, अस्तराखालची कड यांचे फोटो मिळाले तर तिथला रंग मूळच्या जवळचा असतो.

आता कॉलर आणि कफ. चार्ल्स हॅमिल्टन स्मिथने त्याच काळात ब्रिटिश सैन्याच्या पोशाखांची चित्रं आणि पलटणवार फेसिंगचे, म्हणजे कॉलर-कफच्या वेगळ्या रंगांचे, तक्ते काढले. ते आधी बघ. त्यावरून कळेल की असईच्या लढाईमुळे आपल्याला ठाऊक असलेला आर्थर वेलस्ली ज्या ३३व्या पलटणीचा होता तिचं फेसिंगही लालच, ३०वीचं फिकट पिवळं आणि तुझ्या २७वीचं बफ. हा बफ म्हणजे कमावलेल्या कातड्याचा फिका पिवळसर रंग. अशा पलटणींचे छातीवरचे पट्टेही पांढरे नसत, बफच असत. तू ते शुभ्र केले आहेस, बदल. छापील चित्रं मात्र एकेक प्रत हाताने रंगवलेली असत, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती जुळत नाहीत. एका प्रतीवर विसंबू नकोस.

लष्करी गणवेशांचे चित्रकार रिचर्ड क्नोटेल यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांचा जन्म १८५७चा, लढाई १८१५ची. त्यांचं चित्र पाहून थांबायचं नाही. त्यांनी ते कशावरून काढलं असेल ते शोधायचं.

आणि पोशाखाचं नियमपुस्तक कितीही विश्वासार्ह असलं तरी त्यात हुकूम असतो, अंगावरचं वस्त्र असतंच असं नाही. १८ जूनच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता. अनेक ब्रिटिश शिपायांच्या शाकोंवर, म्हणजे उंच टोप्यांवर, मेणकापडाची काळी आवरणं होती, म्हणजे तू कष्टाने रंगवलेले तुरे त्या दिवशी दिसलेच नसते. समोरून चढून आलेला नेपोलियनचा इंपीरियल गार्ड परेडच्या पोशाखात नव्हता, लांब ओव्हरकोटांत होता. प्रशियाच्या २८व्या आणि २९व्या पलटणी तर पूर्वीच्या बेर्ग या जर्मन संस्थानाच्या सैन्याचे पांढरे कोट घालून त्या मोहिमेत आल्या होत्या. त्यांना नियमाप्रमाणे निळं रंगवलंस तर ते चुकेल. आठवणी लिहिणाऱ्या शिपायांनी चिखल, ठिगळं, भिजलेली पांघरुणं यांबद्दल पुष्कळ लिहून ठेवलं आहे. ते वाच. त्यात रंगांची नावं थोडी सापडतील, पण कापडाची अवस्था कळेल.

एक वही कर. प्रत्येक रंगापुढे लिही: कुठे पाहिला, त्या वस्तूचं साल काय, ती कोणाच्या अंगावरची. जिथे तर्क केलास तिथे ‘तर्क’ असंच लिही. पुढे चांगला पुरावा मिळाला की कुठला रंग बदलायचा हे त्यामुळे कळेल.

सापडलेला रंगही जसाच्या तसा लावू नकोस. बोटाएवढ्या आकृतीवर तो गडद दिसतो, म्हणून किंचित उजळ कर. पण लालात पांढरा घातलास तर गुलाबी होईल, थोडा नारिंगी घाल. आधी सगळे शिपाई पुरे कर, सार्जंट त्यानंतर, आणि अधिकाऱ्याचा कोट अगदी शेवटी. विटकरी रांग शेजारी उभी असली म्हणजे त्याचा लाल किती चढवायचा ते डोळ्यांना आपोआप कळतं.

तुझा,
मामा