मेगाथेरियम : एका नष्ट झालेल्या महापशूची हकीकत

पूर्वकाळीं पृथ्वीवर जे प्रचंड शाकाहारी पशु राहत होते व जे आज कोठेंहि जिवंत नाहींत, त्यांपैकीं एकाची हकीकत ह्या पाठांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव मेगाथेरियम. हा शब्द ग्रीक भाषेवरून घेतला असून त्याचा अर्थ ‘मोठें श्वापद’ असा आहे.

१. हाडें कशीं सापडलीं. — दक्षिण अमेरिकेंतील ब्वेनोस आयरेसकडील मुलूख त्या काळीं स्पेनच्या राजाच्या सत्तेखालीं होता. तेथें लुहान नदीच्या कांठीं १७८७ सालीं मान्वेल तोर्रेस ह्या डोमिनिकन साधूस जमिनींत प्रचंड हाडें आढळलीं. तीं १७८८ सालीं जहाजानें स्पेनांत माद्रिद शहरीं पोंचलीं. तेव्हां राजा तिसरा कार्लोस ह्यानें आज्ञा केली कीं, असा एक पशु, लहान कां असेना, जिवंत धरून पाठवावा! ह्या आज्ञेस वाचकांनीं हसूं नये. पशूंची एखादी जात समूळ नाहींशी होऊं शकते, हें त्या वेळीं फारच थोड्यांस मान्य होतें. अमेरिकेचे टॉमस जेफर्सन, जे पुढें राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनींहि १७९७ सालीं अशाच नखांच्या एका पशूविषयीं लिहितांना, तो पश्चिमेकडील अरण्यांत अजून असावा, असें मत दिलें.

२. हाडांवरून काय समजलें. — माद्रिद येथें ब्रू नामक गृहस्थानें हाडें जुळवून सांगाडा उभा केला व त्याचीं चित्रें काढिलीं. त्या चित्रांवरून पॅरिस येथील पंडित क्यूव्हिए ह्यानें १७९६ सालीं पशूस नांव दिलें, आणि त्याचें कुळहि ओळखिलें. दक्षिण अमेरिकेंत झाडांना उलटा लोंबकळत राहणारा स्लॉथ नांवाचा मंदगति प्राणी आहे. त्याचाच हा आप्त होय. स्लॉथ पांच-सहा किलो वजनाचा, तर मेगाथेरियम सुमारें २० फूट लांब व हत्तीएवढा जड! त्याच्या तोंडांत सुळे नव्हते. चघळण्याच्या १८ दाढा होत्या, व त्या झिजल्या तरी जन्मभर वाढत राहत. नखें इतकीं लांब कीं, त्यास पाऊल सपाट टेंकतां येत नसे. तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर चाले. मागच्या पायांवर उभा राहून, जाड शेंपटीचा तिसऱ्या पायाप्रमाणें आधार घेऊन, तो उंच फांद्या खालीं ओढी व पाला खाई.

३. तो कां नाहींसा झाला. — आर्जेन्टिनांतील काम्पो लाबोर्दे येथें, एका जुन्या दलदलीच्या कांठीं, ह्या पशूच्या हाडांबरोबर मनुष्यांचीं दगडी हत्यारें सांपडलीं आहेत. सुमारें १२,६०० वर्षांपूर्वीं शिकाऱ्यांनीं त्यास तेथें मारून कापिलें, असें संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच सुमारास हिमयुग संपून हवापाणी व रानेंहि पालटत होतीं. ह्या दोन्ही कारणांचा विचार पंडित करितात. मोठ्या पशूंची वीण फार मंद असते, हेंहि लक्षांत घ्यावें. हत्तीण सुमारें २२ महिने गर्भ वाहते, व तिला बहुधा एकच पिल्लूं होतें. कणगींत जितकें पडतें त्याहून मूठभर अधिक रोज काढिलें, तर काढणाऱ्यास कांहींच उणें दिसत नाहीं. तरी एके दिवशीं हात तळाला लागतो. एखादी जात नाहींशी होण्यास मोठा संहारच लागतो, असें नाहीं.

राजाची आज्ञा पाळणें तेव्हांहि कोणास शक्य नव्हतें, व आजहि नाहीं. हाडें जुळवितां येतात. जात परत आणितां येत नाहीं. म्हणून जे पशु अद्याप आपल्या रानांत आहेत, त्यांची गणना ते असतांनाच करावी, हें शहाणपणाचें होय.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न. — (१) हा पशु शाकाहारी होता, हें कशावरून ठरतें? (२) राजानें जिवंत पशु कां मागितला? (३) मंद विणीच्या पशूस थोडी शिकारहि कां सोसत नाहीं? (४) तुमच्या गांवच्या वडील माणसांनीं पाहिलेला, पण आतां तेथें न दिसणारा असा कोणता पशु किंवा पक्षी आहे?