दवाखान्यातील लहान रुग्ण : ससा, गिनीपिग, पिंजऱ्यातील पक्षी व पाणकासव यांची निगा

तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखान्यात सकाळी पाऊल ठेवावे, तर खोड्यात उभी केलेली गाय, खांदा सुजलेला बैल, जंताचे औषध पाजण्यासाठी आणलेल्या शेळ्या आणि दारात बांधलेली कुत्री असा नेहमीचा परिवार दृष्टीस पडतो. परंतु अलीकडे ह्याच गर्दीत, भिंतीच्या कडेला, पुठ्ठ्याची पेटी मांडीवर घेऊन बसलेले एखादे मूलही दिसू लागले आहे. पेटीत ससा असतो, गिनीपिग असतो, नाहीतर पिसे फुगवून बसलेला एखादा चिमुकला पक्षी असतो. आठवड्याच्या बाजारातून किंवा शहरातील दुकानातून हे प्राणी आता खेडोपाडी पोचले आहेत. त्यांची निगा कशी राखावी, ह्याची माहिती मात्र त्यांच्याबरोबर पोचलेली नाही.

हे प्राणी मूळचे परदेशी होत. पाळीव ससा युरोपातील, गिनीपिग दक्षिण अमेरिकेतील, ज्यास आपल्याकडे सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात तो बजरीगर ऑस्ट्रेलियातील, आणि डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले पाणकासव अमेरिकेतील. गाईगुरांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव शेतकऱ्याच्या गाठीशी असतो. ह्या प्राण्यांच्या बाबतीत तो नाही. म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी काही मोजक्या गोष्टी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

आजार लपविण्याचा स्वभाव

बैल आजारी पडला की रवंथ थांबते, कान पडतात आणि धन्याच्या ते तत्काळ ध्यानी येते. ससा, गिनीपिग व लहान पक्षी हे निसर्गात दुसऱ्यांचे भक्ष्य होत. अशक्त दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडतो. त्यामुळे अंगात त्राण आहे तोवर आजार न दाखविणे हा त्यांचा स्वभावच बनला आहे. 'कालपर्यंत चांगला होता,' असे मालक सांगतो ते खोटे नसते, पण रोग कालचा नसतो. ह्यावरून एकच नियम निघतो व तोच ह्या लेखाचे सार आहे : लहान प्राण्याने खाणे सोडले की वाट पाहू नये, आणि घरचे औषध देऊ नये.

हा नियम न पाळल्याने काय होते, ह्याचे एक उदाहरण देतो. बाजाराच्या दिवशी एक शेतकरी आपल्या दहा वर्षांच्या मुलासह ससा घेऊन आला. सशाने तीन दिवस गवताला तोंड लावले नव्हते. शेजाऱ्याच्या सल्ल्यावरून घरात उरलेली, माणसासाठी आणलेली प्रतिजैविकाची गोळी त्यास पाण्यात कालवून पाजली होती. गोणीत घालून, मोटारसायकलला बांधून त्यास भर उन्हात आणले होते. तपासणीत आढळले ते इतकेच की, मागच्या एका दाढेला धारदार टोक येऊन त्याने जीभ कापली जात होती. पहिल्या दिवशी आणला असता, तर दाढ घासून ससा संध्याकाळी गवत खाऊ लागला असता. चौथ्या दिवशी त्याची आतडी थंडावली होती व जुलाब सुरू झाले होते. दुसऱ्या दिवशी तो दगावला. बाप व मुलगा दोघांनीही प्रेमात काही कसूर केली नव्हती. कमी पडली ती केवळ माहिती.

ससा

सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्यास सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. ते झिजवण्यास गवतासारखे तंतुमय खाद्य सतत चघळावे लागते. म्हणून सशाच्या आहाराचा मोठा भाग वाळलेले व हिरवे गवत हाच असावा. हरळी, मारवेल, गिन्नी गवत चालते. लसूणघास वाढत्या पिलांस व पाजणाऱ्या मादीस द्यावा, प्रौढ सशास रोज पोटभर देऊ नये, कारण त्यात चुना व प्रथिने अधिक असतात. गाजर ही मिठाई समजून तुकडाभरच द्यावे. पाव, बिस्किटे व भात वर्ज्य करावेत. पिण्याचे स्वच्छ पाणी अष्टौप्रहर जवळ असावे.

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या गोल लेंड्या आपणांस दिसतात. मऊ, चकचकीत लेंड्या तो बहुधा रात्री गुदद्वारापासूनच खाऊन टाकतो. हा रोग नव्हे. त्यातून त्यास जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. मात्र लेंड्या लहान होणे, कमी होणे किंवा बंद होणे हे आजाराचे पहिले लक्षण होय. सशाने १२ तास काही खाल्ले नाही व लेंड्याही टाकल्या नाहीत, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले असल्यास तोंडातून काहीही बळेच भरवू नये. सशास उलटी करता येत नाही.

उन्हाळा हा सशाचा मोठा शत्रू होय. हवेचे तपमान ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यास त्रास होऊ लागतो. पिंजरा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. वर ओले गोणपाट टाकावे, वारा खेळता ठेवावा. उष्माघात झालेला ससा आडवा पडून भरभर श्वास घेतो. अशा वेळी त्याचे कान गार पाण्याने ओले करावेत व त्यास सावलीतून दवाखान्यात न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

सशास कानाला धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्याखाली देऊन अंगाशी धरावे. मागचे पाय मोकळे राहिल्यास तो जोराने लाथ झाडतो आणि त्या हिसक्याने त्याचाच कणा मोडतो. कानात तपकिरी खपल्या, नाकावर व पंजांवर पांढुरके पापुद्रे दिसल्यास ती खरूज समजावी व इतर सशांपासून त्यास वेगळे ठेवावे.

गिनीपिग

ह्या प्राण्याच्या शरीरात, माणसाप्रमाणेच, 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोजच्या खाद्यातून न मिळाल्यास सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते, प्राणी हलेनासा होतो व उचलताच किंचाळतो. गवताबरोबर ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची लहान फोड व आवळ्याचा कीस रोज थोडा थोडा दिल्यास हा रोग टळतो. सशासाठी सांगितलेले दातांचे व उपासाचे नियम ह्यासही लागू आहेत.

पिंजऱ्यातील पक्षी

बजरीगराचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम असते. त्याच्या अंगात रक्त असते सुमारे साडेतीन मिलिलिटर. नख मुळाशी कापले जाऊन आठदहा थेंब रक्त गेले, तरी त्याच्या जिवास धोका असतो. असे झाल्यास नखाच्या टोकावर मैदा दाबून धरावा व रक्त थांबते की नाही ते पाहावे.

पक्ष्यास पकडताना छाती दाबू नये. पक्ष्याच्या छातीस माणसासारखा पडदा नसतो. बरगड्या हलल्या तरच श्वास चालतो, आणि मुठीत आवळलेला पक्षी गुदमरतो. नुसती राळ व बाजरी खाणाऱ्या पक्ष्यास 'अ' जीवनसत्त्व कमी पडते. तेव्हा पालक, कोथिंबीर व किसलेले गाजर त्यास शिकवून खावयास लावावे. न चिकटणाऱ्या लेपाची भांडी चुलीवर रिकामी तापल्यास निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये.

पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, शेपटी वरखाली हलवीत श्वास घेणे, किंवा मादीने अंड्यासाठी कुंथत राहणे ही तातडीची लक्षणे होत. अशा पक्ष्यास प्रथम ऊब द्यावी. पूर्वी पिंजऱ्याशेजारी विजेचा दिवा लावीत. हल्लीच्या एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका बाजूस ठेवावी.

पाणकासव

नाण्याएवढे म्हणून घेतलेले पिलू काही वर्षांत थाळीएवढे होते व अनेक दशके जगते. त्यास पाण्याबाहेर बसण्यासाठी कोरडी जागा व प्रत्यक्ष ऊन लागते. काचेतून आलेल्या उन्हाचा ह्या कामी उपयोग होत नाही. ऊन व चुना न मिळाल्यास कवच मऊ पडते. डोळ्यांवर सूज येणे व पाण्यात एका बाजूस कलून पोहणे हीही रोगाची चिन्हे होत. कंटाळा आला म्हणून असे कासव विहिरीत, तळ्यात किंवा नदीत कदापि सोडू नये. ते तेथे टिकाव धरते आणि देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते.

जी औषधे घात करतात

पशुखाद्याच्या किंवा औषधांच्या दुकानातून मालकाने स्वतः आणलेले औषध हे ह्या प्राण्यांच्या मृत्यूचे टाळता येण्याजोगे कारण आहे. पुढील गोष्टी भिंतीवर लिहून ठेवाव्यात :

१. ससा व गिनीपिग यांस अॅम्पिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन वा क्लिंडामायसिन तोंडाने देऊ नये. त्यामुळे आतड्यातील पचनास मदत करणारे जंतू मरतात, घातक जंतू माजतात व प्राणी दगावतो.

२. कुत्र्याच्या पिसवांसाठी वापरतात ते फिप्रोनिल सशाच्या अंगावर लावू नये.

३. गुराढोरांस जंतांसाठी टोचतात ते आयव्हरमेक्टिन कासवास देऊ नये. ते त्यास विष होय. सशाच्या खरजेवर हेच औषध गुणकारी आहे, परंतु त्याचे प्रमाण वजन करून पशुवैद्यानेच ठरवावे.

दवाखान्यात नेताना व नेल्यावर

प्राणी गोणीत नेऊ नये. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीत खाली फडके घालावे, गवताची मूठ ठेवावी व वरून कापड टाकावे. सशास दवाखान्यात नेण्यापूर्वी उपाशी ठेवू नये. बरोबर ताज्या लेंड्या अथवा विष्ठा कागदात गुंडाळून आणावी. पिंजऱ्याचे व खाद्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढून आणल्यास पशुवैद्याचे अर्धे काम होते, कारण ह्या प्राण्यांचे बहुतेक रोग पिंजऱ्यात व खाद्याच्या वाटीत जन्म घेतात. शेवटचे केव्हा खाल्ले, लेंड्या केव्हा टाकल्या, कोणते औषध दिले, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत. दिलेले औषध लपवू नये.

गर्दीच्या दवाखान्यात कर्मचाऱ्यांनी पेटी जमिनीवर, कुत्र्याच्या नाकासमोर ठेवू देऊ नये. भीतीनेही ससा व पक्षी मरतात. आतल्या शांत खोलीत, टेबलावर, झाकून ठेवावी. तोंड उघडून श्वास घेणारा, रक्त वाहणारा, उष्माघात झालेला, अंड्यासाठी कुंथणारा व खाणे सोडलेला प्राणी रांगेत थांबवू नये. नखे कापणे व दात पाहणे ह्या कामांसाठी आठवड्यातील एखादी दुपार राखून ठेवल्यास सकाळच्या गुरांच्या तपासणीतही खोळंबा होत नाही. अवघड रुग्ण परळ, नागपूर, शिरवळ, परभणी वा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे, आधी दूरध्वनी करून पाठवावा.

कायदा व आरोग्य

सर्वच प्राणी पाळता येत नाहीत. आपला देशी हिरवा पोपट, चांदणी कासव व रानससा हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्यांस पकडणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. असा प्राणी जखमी आढळल्यास वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. २०२२ साली ह्या अधिनियमात दुरुस्ती झाली व २०२४ साली नियम निघाले. त्यानुसार आफ्रिकी करडा पोपट, इग्वाना यांसारख्या अनुसूचीतील परदेशी जाती बाळगणाऱ्यास 'परिवेश' ह्या संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे.

पक्ष्यांपासून माणसास फुप्फुसांचा दाह, कासवांपासून जुलाबाचा रोग आणि सशांपासून खरूज व गजकर्ण होऊ शकते. हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांस कासव हाताळू देऊ नये. घरात पक्षी असून कोणास ताप व खोकला आल्यास डॉक्टरांस पक्ष्याविषयी अवश्य सांगावे.

शेवटी एवढेच सांगावयाचे की, सशाची किंमत बैलाएवढी नसते हे खरे. परंतु पेटी मांडीवर घेऊन बसलेले मूल त्या दिवशी एक धडा शिकून जाते. मुक्या जिवाची दखल वेळेवर घेतली की तो वाचतो, हा धडा ज्या मुलास सशापासून मिळाला, ते पुढे आपल्या गोठ्यातील गाईकडेही त्याच नजरेने पाहील. कार्यकर्त्यांनी गावातील शाळेत ह्या लेखातील नियम वाचून दाखवावेत, आणि सशाने सकाळचे गवत खाल्ले की नाही, हे पाहण्याचे काम मुलांवरच सोपवावे.